तळघरातील ओल

पेशवाईच्या उत्तरार्धात पुण्याच्या पेठांतून जे वाडे उभे राहिले, त्यांचे नक्षीदार खांब आणि प्रशस्त चौक आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवितो. परंतु ज्या तळघरात धान्याची साठवण होई, मौल्यवान चीजवस्तू आणि दप्तराचे रुमाल ठेवले जात, ते कोरडे राखणाऱ्या गवंड्याच्या ज्ञानाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

भुईतील ओल भिंतीत चढते आणि ती समूळ रोखता येत नाही, ही गोष्ट त्या गवंड्याने गृहीत धरलेली होती. काळा दगड स्वतः पाणी फारसे शोषीत नाही. पाणी वाट काढते ते सांध्यांतून. म्हणून सांध्यांचा चुना बैलाच्या घाणीत वाळूसह मळून, त्यात गुळाचे आणि हिरड्याचे पाणी घालून, असा सिद्ध केला जाई की तो घट्ट तर व्हावा, पण आलेली ओल पोटात न ठेवता हळूहळू हवेस देऊन टाकावी. आणि ती हवा खेळती राहावी म्हणून जोत्यात झरोके सोडलेले असत. याच्या जोडीस दरसालची मरामत होती. मृगापूर्वी पन्हळी साफ करणे, निखळलेल्या दरजा भरणे, ही कामे वाड्याच्या जमाखर्चात धरलेलीच असत, आणि माझ्या मते खरा बंदोबस्त तोच होता.

1818 साली राज्य गेले, तशी हा खर्च सोसणारी ऐपतही हळूहळू ओसरली. कात्रजच्या तलावातून नळाने येणारे पाणी हौदातून घागरीने वाहावे लागे, तोवर त्याचा वापर बेताचा होता. 1879 मध्ये खडकवासल्याचे धरण पूर्ण झाले, पुढे घरोघर तोट्या आल्या, बिऱ्हाडागणिक मोऱ्या वाढल्या आणि त्यांचे पाणी जोत्याच्या कडेला मुरू लागले. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, तेव्हा मालकाने मरामतीतून अंग काढून घेतले. कायद्याने असंख्य कुटुंबांचे छप्पर राखले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि तळघराचा वाली गेला, हेही खरे.

त्यानंतर जो इलाज सर्वमान्य झाला तो सिमेंटच्या गिलाव्याचा. 1914 पासून पोरबंदरास तयार होऊ लागलेले हे द्रव्य नव्या इमारतीत निःसंशय उपकारक आहे; मात्र चुन्याच्या भिंतीवर त्याचा लेप चढविला की बाहेर पडण्याची वाट बंद झालेली ओल मागच्या मागे वर सरकते, आणि जो लोणा पूर्वी पायाशी दिसे तो माजघराच्या भिंतीवर फुलतो. मग गिलावा फुगतो, पडतो आणि पुन्हा चढविला जातो.

ज्यांच्या घरी असे तळघर अद्याप शाबूत असेल, त्यांनी सिमेंटची गोणी आणण्यापूर्वी लगतची मोरी आणि पन्हळ तपासावी, बुजविलेले झरोके मोकळे करावेत, आणि एक उन्हाळा भिंतीस वाळू द्यावे.