नाकाच्या मापापासून लाळेच्या नळीपर्यंत

लाळेची नळी कंपनीला पाठवून पूर्वज शोधण्याची टूम निघाली आहे. आमच्यातलेही काही तरुण त्या अहवालात मूलनिवासी असल्याचा पुरावा शोधतात. त्यांनी आधी थोडा इतिहास पाहावा.

१९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले याने नाकाची मापे घेऊन जातीची उतरंड वंशावर उभी आहे, असे मांडले. बाबासाहेबांनी मोजपट्टी फेकून दिली नाही. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये नाकांचीच मापे तपासून त्यांनी ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, हे दाखवले. त्याच्या कितीतरी आधी, ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठातील निबंधात त्यांनी जातीचे मर्म सांगितले होते: जातीअंतर्गत विवाह.

२०१३ मध्ये हैदराबाद आणि हार्वर्डच्या संशोधकांनी जनुके तपासली. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी इथले समूह मोठ्या प्रमाणावर मिसळले. पुढे जातीअंतर्गत विवाहाने ते मिसळणे थांबवले. भिंत रक्तात नव्हती, लग्नात होती.

तिची किंमत शरीरही मोजते. आंध्रातील वैश्य समाजात काहींना एका एन्झाइमच्या कमतरतेमुळे शस्त्रक्रियेतील स्नायू शिथिल करणारे औषध लवकर उतरत नाही. डॉक्टरला आधी कळले तर धोका टळतो.

अशा कामासाठी जनुकचाचणी आम्हाला हवीच, तीही सरकारी दवाखान्यात. पण समतेचा हक्क मागायला लाळेचा दाखला कशाला? तो दाखला मागणे म्हणजे पुन्हा रिस्लेच्या रांगेत उभे राहणे.

जय भीम!