चावडीची पायरी

परवा दिवाळीत टेंभुर्णीला जाणं झालं. जमिनीच्या वाटणीचं काम होतं. काका म्हणाले, "फेरफाराची नोटीस चावडीवर लागलीय, बघून ये." मी मनात दगडी ओटा, सागवानी खांब वगैरे चित्र रंगवत निघालो आणि पोचलो कुठे, तर तलाठ्याच्या ऑफिसात! (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं.) पत्र्याचं कपाट, एक टेबल, भिंतीवर नोटिसा. झाली चावडी.

घरी येऊन कायदा चाळला तेव्हा गंमत कळली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966. तिच्यात चावडीची चक्क व्याख्या आहे. ज्या गावात चावडी नाही, तिथे जिल्हाधिकारी सांगतील ती जागा चावडी समजायची. म्हणजे इमारत पडली तरी चावडी काही पडत नाही!

आमच्याकडे चावडीचं कौतुक फार. पणजोबांकडे टेंभुर्णीजवळच्या एका गावाचं कुलकर्ण होतं. पाटील सारा वसूल करायचा, कुलकर्णी हिशेब लिहायचा, आणि हे सगळं चालायचं चावडीत. सरकारी माणूस आला की मुक्काम तिथेच. गावचे तंटेही तिथेच. मराठेशाहीत गोतसभेचा निवाडा झाला की महजर लिहायचे. पाटलाची निशाणी नांगर, बाकीच्यांची ज्याच्या त्याच्या धंद्याची खूण. आजी सांगायची, "चावडीवर बसलेला माणूस खोटं बोलायचा नाही." लहानपणी हे ऐकून छाती फुगायची.

हेच सगळं त्या दिवशी शाळेतल्या एका जुन्या मित्राला चहा पिताना ऐकवत होतो. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "तुझे पणजोबा आत बसायचे. माझे पायरीखाली उभे असायचे."

चहा तसाच राहिला.

खरं तर मला हे माहीत होतं. पुस्तकात वाचलं होतं. पण आपल्या घरच्या गोष्टीला ते कधी जोडून पाहिलं नव्हतं. चावडी चालायची कुणाच्या जिवावर? सारा भरायला शेतकऱ्याला हाक मारून आणायचा महारानं. वसुलाचे पैसे तालुक्याला पोचवायचे महारानं. शिवेचा वाद निघाला की साक्ष महाराची, कारण गावाची हद्द त्याच्याइतकी कुणाला ठाऊक? ज्याच्या शब्दावर शीव ठरायची, त्याला ओट्यावर चढायची मात्र मुभा नव्हती. वर हे सगळं 'वतन' म्हणायचं! बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते या वेठीविरुद्धच. पुढे 1950 च्या कायद्यानं कुलकर्ण वतनं गेली, कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा 1958 चा, आणि महसुली पाटीलकी 1962 च्या कायद्यानं संपली. आमच्या घरात कुलकर्ण गेल्याची हळहळ मी पुष्कळ ऐकलीय. पण त्याच कायद्यांच्या ओळीनं कुणाची तरी मान मोकळी झाली, हे कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

म्हणून ते पत्र्याचं कपाटवालं ऑफिस आता मला तितकंसं भकास वाटत नाही. दुसऱ्या दिवशी नोटिशीची नक्कल घ्यायला मित्र बरोबर आला होता. दोघंही आत गेलो, एकाच बाकावर बसलो. त्याच्याही भावकीचा फेरफार त्याच भिंतीवर लागला होता.

असो. नात्यातल्या मंडळींना एकच सांगणं आहे. पणजोबांच्या चावडीची गोष्ट मुलांना जरूर सांगा. पण सांगताना पायरी गाळू नका.