अमेरिकी गहू कर्ज (१९५१)

अमेरिकी गहू कर्ज हे १९५०–५१ च्या अन्नटंचाईच्या काळात अमेरिकेने भारताला दिलेले दीर्घ मुदतीचे कर्ज होय. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी १५ जून १९५१ रोजी स्वाक्षरी केलेल्या भारत आपत्कालीन अन्नसाहाय्य कायद्यान्वये १९ कोटी डॉलरचे हे कर्ज मंजूर झाले. त्यातून सुमारे २० लाख टन धान्य घेण्याचे योजिले होते. त्या वेळी भारताचे अर्थमंत्रिपद मूळचे रोह्याचे असलेले चिंतामणराव देशमुख यांच्याकडे, तर अन्नमंत्रिपद कन्हैयालाल मुन्शी यांच्याकडे होते.

पार्श्वभूमी

फाळणीमुळे पश्चिम पंजाब व सिंधमधील कालव्यांखालचा सुपीक प्रदेश पाकिस्तानात गेला. १९५० मध्ये बिहार व मद्रास या राज्यांत अवर्षण पडले, काही भागांत पूर आले आणि १५ ऑगस्ट रोजी आसामला तीव्र भूकंपाचा धक्का बसला. खरीप हातचे गेल्याने रब्बीचे पीक येईपर्यंतचा हिवाळा कठीण झाला. जानेवारी १९५१ मध्ये शिधावाटपातील धान्याचे रोजचे प्रमाण १२ औंसांवरून (सुमारे ३४० ग्रॅम) ९ औंसांवर (सुमारे २५५ ग्रॅम) आणावे लागले.

मुंबई राज्यात त्या काळी शिधावाटपासाठी शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्यवसुली, म्हणजे लेव्ही, घेतली जाई. भाताचे कोठार म्हणून ओळखला जाणारा कुलाबा (आताचा रायगड) जिल्हाही या नियंत्रणव्यवस्थेत होता. पेण व रोहे हे तालुके याच जिल्ह्यातील होत.

मागणी आणि वाद

डिसेंबर १९५० मध्ये अमेरिकेतील भारताच्या राजदूत विजयालक्ष्मी पंडित यांनी २० लाख टन धान्याची मागणी केली. फेब्रुवारी १९५१ मध्ये ट्रुमन यांनी तीस अनुकूल शिफारस केली. तथापि कायदा होण्यास जून उजाडला. कोरियन युद्धाबाबत भारताने घेतलेली तटस्थ भूमिका अनेक अमेरिकी लोकप्रतिनिधींना खटकत होती. धान्याच्या मोबदल्यात भारताने अणुऊर्जेस उपयुक्त असे मोनाझाइट द्यावे, असाही आग्रह काहींनी धरला. या खनिजाच्या निर्यातीवर भारताने बंदी घातलेली होती. साहाय्य हवे, परंतु स्वाभिमान गहाण टाकून नव्हे, अशी भूमिका पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी घेतली. अखेर अनुदानाऐवजी कर्जाचा मार्ग स्वीकारण्यात आला. व्याजदर अडीच टक्के व मुदत ३५ वर्षे ठरली. याच वर्षी सोव्हिएत संघ व चीन यांच्याकडूनही भारताने धान्य घेतले.

व्याजाचा विनियोग

कर्जाच्या सुरुवातीच्या व्याजापैकी ५० लाख डॉलरपर्यंतची रक्कम शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी राखून ठेवण्याची तरतूद कायद्यात होती. तीमधून भारतीय विद्यापीठांच्या ग्रंथालयांस अमेरिकी ग्रंथ व शास्त्रीय साहित्य मिळाले.

चिंतामणराव देशमुख

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते येथे झाला. ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होत. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

पुढील घडामोडी

१९५४ मध्ये अमेरिकेने सार्वजनिक कायदा ४८० (पी. एल. ४८०) संमत केला. त्यामुळे डॉलर न वेचता रुपयांत मोबदला देऊन धान्य घेणे भारतास शक्य झाले. मे १९६० मध्ये अन्नमंत्री स. का. पाटील यांनी या कायद्याखाली चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू व १० लाख टन तांदूळ मिळवण्याचा करार केला. १९६५–६७ च्या दुष्काळात मात्र राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी हा पुरवठा थोड्या थोड्या मुदतीपुरता मंजूर करण्याचे धोरण ठेवले. परावलंबनाचा हा अनुभव हरितक्रांतीला चालना देणाऱ्या कारणांपैकी एक ठरला. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील शिधावाटप दुकानांतून आलेली परदेशी तांबडी ज्वारी ‘मिलो’ या नावाने लोकांच्या स्मरणात राहिली.

पुढे भारत स्वतःच साहाय्य देऊ लागला. हिवाळ्यातील तीव्र अन्नटंचाईने ग्रासलेल्या अफगाणिस्तानास त्याने ५०,००० टन गहू देऊ केला. त्याची पहिली खेप २२ फेब्रुवारी २०२२ रोजी अटारी सीमेवरून पाकिस्तानमार्गे रवाना झाली. वाहतुकीच्या परवानगीसाठी त्याआधी काही महिने वाटाघाटी कराव्या लागल्या होत्या.