व्यावसायिक संगणक प्रणालींतील रेकॉर्ड लॉकिंग : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
एकाच माहितीसाठ्यावर अनेकांनी एकाच वेळी काम करणे हे उद्योगसंस्थांच्या संगणकीकरणाचे प्रमुख वैशिष्ट्य होय. या सोयीबरोबरच ‘हे रेकॉर्ड दुसऱ्या वापरकर्त्याने लॉक केले आहे’ ही सूचनाही कार्यालयांच्या परिचयाची झाली. ही सूचना म्हणजे प्रणालीतील दोष आणि लॉक काढून टाकणे हाच त्यावरील उपाय, असा समज अनेकदा आढळतो. प्रस्तुत निबंधात या समजाची तपासणी लॉकिंगच्या इतिहासाच्या आधारे केली आहे.

उद्दिष्टे :
१) रेकॉर्ड लॉकिंगची गरज स्पष्ट करणे.
२) १९६५ ते २००५ या काळातील उपायांच्या विकासाचा आढावा घेणे.
३) त्यावरून लॉकच्या त्रुटी सोडविण्याची योग्य दिशा शोधणे.

लॉकची गरज :
गोदामात साखरेची १०० पोती शिल्लक आहेत असे मानू. दोन लिपिकांनी एकाच क्षणी ही शिल्लक वाचली. पहिल्याने ३० पोती खर्ची टाकून ७० ही शिल्लक नोंदविली, तर दुसऱ्याने २० पोती खर्ची टाकून ८० नोंदविली. प्रत्यक्षात ५० पोती उरली असताना संगणक ८० दाखवितो. पहिल्या लिपिकाची नोंद पुसली गेली, परंतु कोणतीही त्रुटी दिसली नाही. लॉकमुळे दुसऱ्या लिपिकास थांबावे लागते आणि हे नुकसान टळते.

सैद्धांतिक पाया :
लॉकमुळे एक नवा प्रश्न निर्माण झाला. दोन कामे परस्परांकडील साधनांची वाट पाहू लागली, तर दोन्ही कायमची थांबतात. डच संगणकशास्त्रज्ञ एडस्गर डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये या स्थितीची चर्चा केली होती. १९७१ मध्ये कॉफमन, एल्फिक व शोशानी यांनी अशा ‘डेडलॉक’साठी आवश्यक असलेल्या चार अटी मांडल्या. त्यांपैकी एक जरी मोडली, तरी डेडलॉक टळतो. सर्व कामांनी रेकॉर्ड ठरावीक क्रमानेच लॉक करावेत, हा प्रचलित नियम याच विचाराशी सुसंगत आहे.

पुढील महत्त्वाचे कार्य आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत, ‘सिस्टिम आर’ प्रकल्पात झाले. १९७६ मध्ये ईश्वरन, ग्रे, लोरी व ट्रेगर यांनी द्विचरणीय लॉकिंगचा नियम मांडला. एखाद्या व्यवहाराने एकदा लॉक सोडण्यास आरंभ केला की त्याने नवे लॉक घेऊ नये, हे त्याचे सार होय. याच काळात जिम ग्रे व सहकाऱ्यांनी लॉकच्या आकाराचाही विचार केला. संपूर्ण तक्ता लॉक केल्यास इतरांची अडवणूक होते. प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे लॉक केल्यास व्यवस्थापनाचा भार वाढतो. या कार्यासह एकूण योगदानासाठी ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार लाभला.

पर्यायांचा शोध :
१९८१ मध्ये कुंग व रॉबिन्सन यांनी ‘आशावादी’ पद्धत सुचविली. तीत काम करताना लॉक घेतला जात नाही. नोंद जतन करतेवेळी संघर्ष झाला आहे काय, हे तपासले जाते. ओरॅकलच्या सहाव्या आवृत्तीने १९८८ मध्ये ओळीच्या पातळीवरील लॉकिंग आणले. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते १९९८ च्या ७.० आवृत्तीत पूर्णत्वास आले. २००५ च्या आवृत्तीत रेकॉर्डच्या जुन्या प्रती राखून वाचकास न थांबविण्याची सोय झाली.

उद्योग प्रणालींतील स्वरूप :
जर्मनीतील सॅप या कंपनीने (स्थापना १९७२) १९९२ मध्ये आर/३ ही प्रणाली आणली. तीत वापरकर्त्याचे एक काम अनेक पडद्यांवर चालते, मात्र डेटाबेसचा लॉक प्रत्येक पडद्याच्या अखेरीस सुटतो. म्हणून सॅपने स्मृतीतील स्वतंत्र लॉक-तक्त्याची योजना केली. वापरकर्ता विचार करीत असताना किंवा जागेवरून उठून गेला असतानाही हा लॉक टिकतो. संगणक मध्येच बंद पडल्यास अथवा अद्ययावतीकरण प्रलंबित राहिल्यास तो मागे उरू शकतो. एसएम१२ या व्यवहारातून प्रशासकास असे लॉक पाहता व काढता येतात. तथापि, धारक खरोखर निष्क्रिय आहे काय आणि त्याचे अद्ययावतीकरण प्रलंबित आहे काय, हे न तपासता लॉक काढल्यास गोदामाच्या उदाहरणातील चूक पुन्हा घडू शकते.

निष्कर्ष :
१) लॉकची सूचना हा मुळात दोष नसून माहितीच्या अचूकतेचे संरक्षण होय.
२) सर्व उपायांचा रोख लॉक नष्ट करण्याकडे नसून त्याचा आकार, कालावधी व गरज कमी करण्याकडे राहिला आहे.
३) लॉक हाताने काढणे हा अखेरचा मार्ग असून, तो तांत्रिक कृतीइतकाच उत्तरदायित्वाचा निर्णय आहे. म्हणून वाणिज्य व संगणकशास्त्राच्या अध्यापनात लॉक काढण्याच्या पद्धतीपूर्वी लॉकचे प्रयोजन शिकविले जाणे आवश्यक ठरते.