परक्या पडद्यावरील मुलगी

मुलींच्या हक्कांच्या नावाने निधी गोळा करणाऱ्या परोपकारी संस्थांचे चित्रपट आज ज्या साच्यात ओतले जातात, तो साचा चलच्चित्राच्या जन्माहून जुना आहे, आणि त्याची पहिली घडण आफ्रिकेत किंवा हिंदुस्थानात झालेली नसून खुद्द लंडन शहराच्या पूर्व भागात झालेली आहे. डॉ. टॉमस बर्नार्डो या धर्मशील गृहस्थाने तेथे निराधार मुलांसाठी आश्रम काढले, आणि १८७४ च्या सुमारास त्या आश्रमांत छायाचित्रणाचा स्वतंत्र विभाग उघडून, रस्त्यावरून आणलेल्या मुलाचे त्या दिवशीचे एक आणि आश्रमात रुळल्यानंतरचे एक अशी जोडचित्रे छापून विकण्याचा प्रघात पाडला. देणग्यांचा ओघ वाढला. परंतु पहिल्या चित्रासाठी मुलांचे कपडे मुद्दाम फाडले जातात अशी तक्रार होऊन प्रकरण लवादापुढे गेले, आणि १८७७ साली लवादाने बर्नार्डोंना इतर बहुतेक आरोपांतून मुक्त करतानाही या बनावट चित्रांबद्दल मात्र स्पष्ट दोष दिला. लंडनमध्ये हे घडू शकले, कारण चित्रातील मूल ज्या गल्लीतले होते, ती गल्ली चित्र पाहणाऱ्यांच्या शहरातच होती; तिथल्या आईला, शेजाऱ्याला, प्रतिस्पर्धी धर्मोपदेशकाला फिर्याद मांडण्याची सोय होती. हीच जोडचित्रे जेव्हा बंगालच्या, मद्रासच्या किंवा दक्षिण आफ्रिकेतील नाताळच्या मुलींची निघू लागली, तेव्हा फिर्याद मांडू शकणारी माणसे हजारो कोस दूर राहिली आणि लवादाचा तो निवाडा समुद्र ओलांडून कधी गेलाच नाही. पुढील दीडशे वर्षांच्या इतिहासाकडे मी याच दृष्टीने पाहतो: जिचे चित्र काढले तिला, आणि जिच्या देशाचे काढले त्या देशाला, उत्तर देण्याची जागा किती ठेवली?

चित्र हे मुळातच अन्यायी साधन आहे, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. अ‍ॅलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईंनी १९०४ साली काँगोमध्ये घेतलेले, आपल्या पाच वर्षांच्या मुलीचा तोडलेला एक हात आणि एक पाय समोर ठेवून बसलेल्या बापाचे छायाचित्र जादूच्या दिव्याने इंग्लंड-अमेरिकेतील सभागृहांत दाखविले गेले, आणि त्या चित्रासोबत व्याख्यात्याने बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या रबराच्या सक्तवसुलीचा तपशीलही सांगितला. गुन्हेगाराचे नाव घेतले गेले म्हणूनच त्या करुणेतून चळवळ उभी राहिली, आणि १९०८ साली राजाला तो मुलूख आपल्या खाजगी ताब्यातून सोडावा लागला. याच्या उलट, १८७६ ते ७८ च्या मद्रासकडील दुष्काळात विलोबी हूपर या लष्करी अधिकाऱ्याने घेतलेल्या अस्थिपंजर कुटुंबांच्या छायाचित्रांत माणसे दिसतात, परंतु त्याच काळात बंदरांतून परदेशी जाणारे धान्य दिसत नाही, साऱ्याची वसुली दिसत नाही, सरकारी दप्तर दिसत नाही. कारण वगळले की दुःख हे त्या देशाच्या हवेसारखे, नैसर्गिक आणि अनादि वाटू लागते. आणि ज्या देशाचे दुःख अनादि, त्या देशाला इतिहासच उरत नाही. मुलींच्या बाबतीत ही वगळणी अधिक घातक ठरली, कारण तेथे सरकारच्या जागी रूढी, बाप आणि नवरा एवढेच आरोपी उभे करणे फार सोपे होते.

या साच्याला महाराष्ट्रातील दोन स्त्रियांनी जे उत्तर दिले, त्याची आठवण केल्याविना हा विषय पुढे नेता येत नाही. पंडिता रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियास गेल्या, आणि त्याच शहरात पुढल्या वर्षी त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. ते परक्यांपुढे मदतीसाठी केलेले आवाहन होते, यात शंका नाही. आपल्या घरातील जखम परदेशी सभेपुढे उघडी करण्याचे अवघड काम त्यांनी पत्करले, आणि त्याबद्दल येथे त्यांच्यावर झालेली टीका पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु त्या पुस्तकात धर्मशास्त्रातील वचने आहेत, खानेसुमारीतील विधवांचे आकडे आहेत, आणि शेवटी स्वतः लेखिकेने आखलेल्या शाळेची तजवीज आहे. मदत बाहेरून यावी, परंतु काम येथील शिकलेल्या स्त्रियांनी करावे, हा तिचा गाभा आहे. त्या वर्षाच्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन तिने दहा वर्षे साहाय्य करण्याचे मान्य केले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. त्याच साली त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत एक सविस्तर ग्रंथ लिहिला. त्यात त्या देशाच्या राज्यपद्धतीची आणि तेथील स्त्रियांच्या संस्थांची मनमोकळी प्रशंसा आहे, तशीच तेथील काळ्या लोकांशी आणि मूळच्या रहिवाशांशी झालेल्या वर्तनाची कठोर नोंदही आहे. जिच्यासाठी वर्गणी गोळा होत होती, तिने वर्गणीदारांच्या समाजाचे निरीक्षण करून आपल्या लोकांना त्याचा वृत्तांत सांगावा, ही घटना एकोणिसाव्या शतकात असामान्य होती. आणि आजच्या कोणत्याही निधिसंकलनाच्या चित्रपटात तिच्या तोडीचा प्रसंग मला आढळलेला नाही.

दुसरी स्त्री रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी नवऱ्याकडे नांदावयास जाण्यास नकार देते, नवरा दादाजी भिकाजी १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात दावा लावतो, १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही तिच्या बाजूने निकाल देतात, अपिलात तो फिरतो, आणि मार्च १८८७ मध्ये नवऱ्याच्या घरी जा नाहीतर सहा महिन्यांची कैद भोग असा हुकूम होतो, तेव्हा ती कैद पत्करण्याची तयारी दाखविते. दोन हजार रुपये देऊन १८८८ साली तडजोड झाली, ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि सुरत-राजकोट येथे तिने आयुष्यभर रुग्णसेवा केली. परंतु मला येथे महत्त्वाची वाटते ती तिची लेखणी: दावा चालू असतानाच तिने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने बालविवाहावर पत्रे लिहिली, आणि निकालानंतर तिचे पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्येही छापून आले. आपल्या खटल्याची कैफियत तिने स्वतः मांडली. तिच्या बाजूने आणि विरुद्ध या देशातच केवढे रण माजले, टिळकांपासून मलबारींपर्यंत कोण कोण त्यात उतरले, हे पाहिले म्हणजे ‘तेथे मुली मुकाट सोसतात’ हे चित्र किती अपुरे आहे ते कळते.

ते चित्र जगभर पक्के करण्याचे काम चित्रपटाने केले त्याहून अधिक एका पुस्तकाने केले. कॅथरिन मेयो ही अमेरिकन लेखिका १९२५-२६ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात हिंडली आणि १९२७ साली तिचे ‘मदर इंडिया’ निघाले. त्यापूर्वी फिलिपाइन्सवर पुस्तक लिहून तेथील लोक स्वराज्यास अपात्र आहेत असा निष्कर्ष तिने काढलेलाच होता. नव्या पुस्तकातील बालवधू, अल्पवयीन माता आणि प्रसूतिगृहातील अज्ञान हे सर्व खोटे नव्हते, आणि ते खोटे आहे असे म्हणणे म्हणजे त्या मुलींशी दुसऱ्यांदा प्रतारणा करणे होय. गांधीजींनीही गटारे तपासणाऱ्याच्या अहवालाशी त्याची तुलना करीत असतानाच, हिंदी माणसाने ते वाचावे असेही सुचविले होते. तिचा अपराध निराळा आहे. बालविवाहाविरुद्धचा पुरावा म्हणून तिने कायदेमंडळातील हिंदी सभासदांची भाषणे वापरली, आणि तीच भाषणे करणारी माणसे या रूढीशी झगडत आहेत ही गोष्ट दृष्टीआड केली. त्याच १९२७ च्या जानेवारीत पुण्यात, बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंच्या अध्यक्षतेखाली, अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले होते आणि तेथे अल्पवयीन विवाहाचा निषेध झाला होता. त्याच वर्षी हरविलास सारडा यांनी आपले विधेयक मांडले. सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने गावोगाव साक्षी घेतल्या, तिच्या सभासदांत रामेश्वरी नेहरू होत्या. आणि मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविणारा कायदा १९२९ मध्ये संमत होऊन १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. मेयोबाईंच्या वाचकांपैकी फारच थोड्यांना हा उत्तरार्ध कळला असेल.

निधीसाठी चलच्चित्र वापरण्याचा आरंभ तोवर झालेला होताच. एग्लंटाइन जेब यांनी १९१९ मध्ये स्थापिलेल्या ‘सेव्ह द चिल्ड्रन’ने व्होल्गाकाठच्या दुष्काळाचा चित्रपट १९२१-२२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये दाखविला. पुढील अर्धशतकात युद्धे आणि दुष्काळ यांमुळे या चित्रपटांत ‘मूल’ आले. ‘मुलगी’ पुन्हा स्वतंत्रपणे आली ती १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानंतर, आणि विशेषतः १९९५ च्या बीजिंग परिषदेने तिच्यासाठी आपल्या कृतिकार्यक्रमात निराळे प्रकरण लिहिल्यानंतर. मधल्या काळात एक नवी भाषा आली होती. जागतिक बँकेचे अर्थशास्त्रज्ञ लॉरेन्स समर्स यांनी १९९२ साली पाकिस्तानात केलेल्या भाषणात, विकसनशील देशांत मुलींच्या शिक्षणावरील खर्च हीच बहुधा सर्वांत अधिक परतावा देणारी गुंतवणूक होय, असे प्रतिपादन केले. मुलीसाठी पैसा मागणे यामुळे सोपे झाले हे खरे. पण त्याबरोबरच तिच्या हक्काचा प्रश्न नफातोट्याच्या खात्यात जाऊन बसला.

या भाषेचा सर्वांत यशस्वी चित्रपट म्हणजे नायकी कंपनीच्या प्रतिष्ठानाने २००८ साली काढलेला ‘द गर्ल इफेक्ट’. त्यात एकही मानवी चेहरा नाही. पांढऱ्या पडद्यावर केवळ शब्द येतात. मुलगी, माशा, नवरा, भूक, रोग. मग शाळा, मग कर्ज काढून घेतलेली एक गाय, दुधाचा नफा, एका गाईचा कळप, मुलीचा स्वतःचा व्यवसाय, आणि शेवटी सुधारलेले जग. २०१० च्या दुसऱ्या चित्रपटात बारा वर्षांच्या मुलीभोवती घड्याळाचा काटा फिरतो. तेथे एकाही देशाचे नाव नाही. बर्नार्डोंच्या जोडचित्रांतील फाटके कपडे येथे गेले, ही सुधारणाच म्हणावी लागेल. परंतु त्यांच्याबरोबर गाव, भाषा, जमीन, आई, शिक्षिका, ग्रामपंचायत, कायदा हे सारेच गेले, आणि ‘विकसनशील देश’ हा एक कोरा पडदा झाला, ज्यावर परदेशी प्रेक्षकाने पैसा ठेवताच चित्र हलू लागते. त्या मुलीच्या गाईचे दूध कोण विकत घेते, चारा कोठून येतो, कर्ज फिटले नाही तर गाय कोण नेते, हे प्रश्न विदर्भातील किंवा मराठवाड्यातील कोणतीही शेतकरीण पहिल्याच मिनिटाला विचारील. शिवाय १९९० च्या दशकात याच कंपनीसाठी बूट शिवणाऱ्या इंडोनेशिया-व्हिएतनाममधील कंत्राटी कारखान्यांतल्या वेतनाविषयी आणि कामाच्या स्थितीविषयी जगभर वाद झाला होता, आणि त्या कारखान्यांत राबणाऱ्यांत बहुसंख्या तरुण मुलींचीच होती. मजुरी हा मुलीच्या हक्काचा भाग आहे, हे त्या पांढऱ्या पडद्यावर कोठेही उमटले नाही, याचे मला आजही दुःख होते.

चेहरे दाखविणाऱ्या चित्रपटांचीही अडचण तीच राहिली. कोलकात्याच्या सोनागाछी वस्तीवरील ‘बॉर्न इन्टू ब्रॉथल्स’ला २००५ साली ऑस्कर मिळाले, त्यातील मुलांविषयीचे प्रेम खरे आहे, परंतु त्याच वस्तीत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी स्वतः उभारलेल्या दुर्बार महिला समन्वय कमिटीला त्यात जागा नाही, आणि आया केवळ अडथळा म्हणून उरतात. २०१३ च्या ‘गर्ल रायझिंग’ने यात एक चांगला फेर केला: नऊ देशांतील नऊ मुलींच्या कथा त्या त्या देशाशी नाते असलेल्या लेखिकांकडून लिहवून घेतल्या, कोलकात्याची कथा सूनी तारापोरवाला यांनी लिहिली, आणि जेथे मुलीच्या जिवाला धोका होता तेथे तिच्या जागी दुसरी मुलगी उभी केली. निवेदनाचा आवाज मात्र प्रसिद्ध नट-नट्यांचाच राहिला.

या सर्वांच्या पुष्कळ आधी, १९९० च्या दशकाच्या आरंभी, सार्क राष्ट्रांनी बालिका दशक जाहीर केले असताना, युनिसेफच्या बांगलादेश कार्यालयाने ‘मीना’ ही व्यंगपटांची मालिका सुरू केली. भारतीय व्यंगपटाचे अग्रणी राम मोहन यांनी मुंबईत तिच्या आकृतीला रूप दिले. भारत, बांगलादेश, पाकिस्तान आणि नेपाळ येथील खेड्यांत मुलांना आणि पालकांना चित्रे दाखवून, गोष्टी ऐकवून, त्यांचे म्हणणे विचारले गेले, आणि चारही देशांत परकी वाटणार नाही अशी मुलगी त्यातून घडली. पहिल्या गोष्टीत भाऊ राजू शाळेत जातो आणि मीना घरी राहते. ती आपल्या मिठू पोपटाला शाळेच्या खिडकीशी धाडते, तो आणतो ते धडे शिकते, आणि कोंबड्या मोजताना एक कमी भरल्याचे तिलाच कळते. तिला शाळेत घालण्याचा निर्णय बाहेरून आलेला दाता घेत नाही. शंका काढणारी आजी, हिशेबी बाप आणि गावची माणसे मिळून तो घेतात. बाप दुष्ट नाही, आई मुकी नाही, रूढीचे समर्थन करणाऱ्यालाही बोलण्याची मुभा आहे. मालिकेला लागलेला पैसा परदेशी होता, तरी ती लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या सभागृहासाठी काढलेली नव्हती. ज्यांची गोष्ट होती त्यांच्याच घरात ती दूरचित्रवाणीवर लागली, आणि तिच्यात काही खोटे असते तर ते प्रथम त्या घरातील आजीनेच बोलून दाखविले असते.