मिठाचं विमान

१९७२ चा दुष्काळ पुष्कळांनी लिहिला. खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली, तांबड्या मिलोच्या भाकरी थापलेल्या, हे सगळं पुस्तकांतून आलं. पण त्याच्या पुढच्याच पावसाळ्यापासून आमच्या भागाच्या आभाळात मीठ टाकायला विमान येत होतं, ही गोष्ट नव्या पोरांना सांगितली तर ती हसतात. त्यांना वाटतं म्हातारा बाता मारतोय. म्हणून ती नीट लिहून ठेवतो.

आधी आमचा मुलूख सांगायला हवा. बारामती म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढं ऊस येतो. तो कॅनॉलचा ऊस. नीरा डावा कालवा इंग्रजांनी १८८० च्या दशकात काढला, त्याच्या खालच्या अंगाला हिरवं आणि वरच्या अंगाला कुसळं. इंदापूरचंही तेच. पुढं उजनीचं पाणी आलं ते भीमेच्या काठाला. मधला सगळा पट्टा जिरायती, बाजरी-मटकी-हुलग्याचा, मेंढरांचा. आमची शिव या दोन तालुक्यांच्या हद्दीवर, कॅनॉलच्या वर. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तिथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर आमच्याकडं पाचशेच्या आसपास. घाट सगळं पाणी उतरवून घेतो आणि रिकामे ढग पुढं सोडतो. जून-जुलैत बघावं तर आभाळ सकाळपासून भरलेलं, पश्चिमेकडनं ढगांची रांग पळतेय, अंगावर चार शिंतोडे, आणि पाटीखालची माती कोरडी. दुष्काळात निरभ्र आभाळ परवडतं. असं भरलेलं आभाळ माणसाचा जीव खातं.

नेमकं हेच बघून पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने हा भाग निवडला. ही संस्था १९६२ ची. तिच्या शास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की ढग येतायत, पाणीही आहे, पण थेंब मोठे होत नाहीत. ढगातला कण इतका बारीक असतो की तसे दहा लाख कण एकत्र आले तर पावसाचा एक थेंब होतो. कणाला कण चिकटायचा तर मधे एखादा दांडगा कण लागतो, जो इतरांना गोळा करत खाली येईल. मीठ हवेतला ओलावा ओढतं, हे घरातल्या मिठाच्या बरणीवरून कुठल्याही बाईला माहीत आहे. तेच ढगात करायचं. परदेशात सिल्व्हर आयोडाइड वापरतात, पण ते बर्फाळ ढगांसाठी. आपल्याकडं पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी पाच किलोमीटरच्या वर असते आणि आमचे ढग तिथवर पोचतच नाहीत. त्यांना शास्त्रात उष्ण ढग म्हणतात. उष्ण ढगाला मीठच. त्याआधी दिल्ली, आग्रा, जयपूर या बाजूला जमिनीवरून मीठ उडवून बघितलं होतं. इथं विमानातून टाकायचं ठरलं.

विमान डकोटा, दोन पंख्यांचं. मीठ पिठासारखं दळलेलं, त्याचे गोळे होऊ नयेत म्हणून त्यात शंखजिरे मिसळलेलं. कण दहा मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोळ्याला दिसणारच नाही असा. ढगाच्या तळाच्या थोडं वर शिरून ते सोडायचं. त्यामुळं आम्हाला विमान दिसायचं कमी, ऐकू जास्त यायचं. मी तेव्हा तेरा वर्षांचा, शेरडांमागं. ढगातून घरघर यायची, मग ती एकदम मोठी व्हायची, एखाद्या फटीतून पांढरं पोट दिसायचं आणि पुन्हा ढगात. पोरं माळावर पळत सुटायची. मोठी माणसं औत थांबवून वर बघत राहायची.

आता लोक काय म्हणत, ते. पहिल्या वर्षी कौतुक. सरकार पाऊस पाडणार, मीठ टाकतंय, म्हणजे पाणी खारट पडेल का, विहीर बिघडेल का, असल्या चौकशा. हळूहळू सूर बदलला. आमच्या वस्तीवर एक म्हातारे होते, कायम आभाळाकडं तोंड करून बसलेले. ते म्हणायचे, "इमान आलं की ढग फाटतो. म्या बगितलंय. दाट व्हता, इमान गेलं अन् सुतासारका सुटला." बघता बघता सगळ्या पट्ट्यात हेच झालं. विमान पाऊस पाडायला नाही, पळवायला येतं. कुणी म्हणे कारखानदारांना ऊस तोडायला उघाड पाहिजे. पावसाळ्यात कसली आलीय ऊसतोड, पण तहानलेल्या माणसाला हिशोब सुचत नाही. शिकलेली माणसं, शाळामास्तर वगैरे, यावर हसायची. मीही नंतर हसायला लागलो. दहावीला विज्ञानात बरे मार्क पडले होते, त्याचा तो ताठा.

प्रयोग एक-दोन वर्षांचा नव्हता. १९७३, १९७४, १९७६, आणि मग १९७९ पासून १९८६ पर्यंत सलग, असे एकंदर अकरा पावसाळे. अहमदनगर-बारामती हा त्याचा पट्टा. त्याचे तीन भाग केले होते: उत्तरेचा, दक्षिणेचा आणि मधला कोरा सोडलेला, म्हणजे इकडचं मीठ वाऱ्यानं तिकडं जाऊन घोळ नको. त्या दिवशी उत्तरेत मीठ टाकायचं की दक्षिणेत, हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरायचं. ज्या भागात टाकलं नाही तो तुलनेला. खाली जागोजाग पर्जन्यमापक मांडलेले. मला ही पद्धत खूप नंतर समजली आणि समजल्यावर आधी रागच आला. ज्याच्या बाजरीनं माना टाकल्यात त्याच्या वाट्याला आज पाऊस यायचा का, हे चिठ्ठीवर? पण विचार केल्यावर पटलं. ज्या दिवशी ढग चांगला दिसतो त्याच दिवशी, त्याच ठिकाणी मीठ टाकलं, तर जो पाऊस पडेल तो मिठानं पडला की पडणारच होता, हे कसं कळणार? माझ्या शेतात नवं खत टाकताना मी दोन सऱ्या बिनखताच्या ठेवतो, ते काय वेगळं आहे.

निकाल काय? जे ढग एक किलोमीटरपेक्षा जाड होते आणि ज्यांच्या घनमीटर हवेत अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त पाणी होतं, त्यांच्यात मीठ टाकल्यावर पाऊस २४ टक्के वाढलेला दिसला. कागदावर हा आकडा लहान वाटेल. पण एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चार हजार लिटर पाणी. दहा मिलिमीटरच्या जागी १२.४ पडला, तर एकरामागं एक टँकर जास्त. तोही फुकट आणि सगळ्या रानावर सारखा पसरलेला. जिरायतवाल्याला विचारा, तो नाही म्हणणार नाही.

आणि दुसरा निकाल, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. जे ढग एक किलोमीटरपेक्षा पातळ होते, पाणी कमी असलेले, त्यांच्यात मीठ टाकलं तर ते विरून जाण्याकडं त्यांचा कल दिसला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. इंग्रजी कच्चं, म्हणून पुतण्याकडून पुन्हा अर्थ लावून घेतला. अर्थ तोच. पातळ ढग मिठानं विरत होता. आमच्या वस्तीवरचा तो म्हातारा, ज्याला सगळी शहाणी माणसं हसली, त्यानं डोळ्यांनी बघितलेलं खोटं नव्हतं. कारखानदारांची भानगड खोटी, सरकारचा डाव खोटा, पण "सुतासारका सुटला" हे खरं असू शकतं. शास्त्रज्ञांना यात दोष देता येत नाही. त्यांनाही हे अकरा पावसाळे मोजल्यावर कळलं आणि त्यांनी ते लपवलं नाही, छापलं. तोवर म्हातारा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

तेव्हापासून मी लोकांच्या बोलण्यातला कोंडा आणि दाणा वेगळा करून बघायला लागलो. पुढं सातारा-सांगलीकडं पवनचक्क्या ढग पळवतात असा बोभाटा झाला, तेव्हा लगेच हसलो नाही. विचारलं, कुणी काय बघितलं, कुठल्या महिन्यात, वारं कुठलं. त्यात मला दाणा सापडला नाही. पण विचारून नाही सापडला.

माझी स्वतःची वही १९८७ पासूनची आहे. सरळ कडांचा डबा, त्यात पट्टी, रोज सकाळी साडेआठला बघायचं, कारण हवामान खातं साडेआठला मोजतं. सोबत वाऱ्याची दिशा, ढगाचा रंग, नक्षत्र. पंचांगात वाहन कुठलं, बेडूक का म्हैस का गाढव, तेही लिहितो. त्यावर माझा विश्वास आहे असं नाही, पण वडील बघायचे म्हणून. एवढ्या वर्षांत जे दिसलं ते सरळ आहे. तरणा आणि म्हातारा, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य, जुलैतली नक्षत्रं, आमच्याकडं नुसती भुरभुर करतात. हवामान खात्याच्या हिशोबानं अडीच मिलिमीटरच्या आत पडला तर तो पावसाचा दिवसच नाही, आणि माझ्या वहीत जुलैची पानं अशा न-दिवसांनी भरलीत. आमचं खरं पाणी उत्तरा आणि हस्तात. सप्टेंबरात वारं पडतं, उकडतं, दुपारनंतर पूर्वेकडं डोंगरासारखा ढग उभा राहतो आणि तासात ओढा वाहतो. तो ढग जाड. जुलैतला पातळ. आता प्रयोगाचे आकडे या वहीशेजारी ठेवून बघा. मीठ ज्या ढगाला लागू पडलं तसे ढग आमच्या जुलैत थोडे, आणि ज्याला बाधलं तसे रोजचे.

कृत्रिम पावसाचं पुढंही चालू राहिलं. २००३ च्या टंचाईत पुन्हा बारामतीचं नाव पेपरात आलं. २०१५ ला विमान औरंगाबादेत होतं. पुण्याच्या त्याच संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूरला २७६ ढगांवर काम केलं, काहींत फवारणी, काही तसेच सोडलेले, आणि १८ टक्क्यांची वाढ सांगितली. आता रडार आहे, ढग किती जाड ते आधीच दिसतं. डकोटाच्या माणसांना ते आत शिरून बघावं लागायचं.

आमच्या आभाळात हल्ली रोजच विमानं असतात, पण ती मिठाची नाहीत. गोजुबावीच्या माळावर एमआयडीसीचा विमानतळ झाला, तिथं पोरं-पोरी विमान शिकतात. चार पंख फुटलेल्या मोटारसायकलीसारखा त्यांचा आवाज. २५ जुलै २०२२ ला त्यातलं एक कडबनवाडीच्या रानात कोसळलं. चालवणारी बावीस वर्षांची पोर, एकटीच होती. शेतातली माणसं धावली. थोडक्यावर निभावलं.

त्यानंतर दोनच महिन्यांनी पुतण्याच्या पोरीनं घरात सांगितलं की तिला खासगी वैमानिकाचा परवाना काढायचाय. ती नोकरी करते, पैसे तिचे, पण घरात रडारड झाली. कमर्शियल परवान्याला बारावी सायन्स लागतं आणि दोनशे तास उड्डाण. हिचं कॉमर्स. खासगीला दहावी पुरते, वय सतरा पूर्ण आणि चाळीस तास. म्हणजे कागदावर मीही बसतो, डॉक्टरांनी पास केलं तर. परीक्षेत हवामान हा एक विषय, शंभरात सत्तर पडल्याशिवाय पास नाही. पुस्तक इंग्रजी. ती संध्याकाळी माझ्याकडं घेऊन बसायला लागली आणि मला माझ्याच वहीचं व्याकरण कळायला लागलं. वळवाच्या पुढं जे गार वारं धूळ घेऊन सुटतं, ज्याला घाबरून आम्ही खळ्यावर ताडपत्री टाकतो, त्यावर पुस्तकात अख्खं प्रकरण आहे, कारण उतरणाऱ्या विमानाला ते आपटू शकतं. आणि तो सप्टेंबरातला उभा ढग, ज्याची आम्ही वर्षभर वाट बघतो, त्याला वैमानिकानं लांबून वळसा घालायचा. गडी एकच, घेणं-देणं उलटं.

ढगाचा तळ किती उंच, हे काढायची युक्ती तिनं मला शिकवली. हवेचं तापमान आणि दवबिंदू यांतला फरक घ्यायचा, दर अंशाला सव्वाशे मीटर धरायचे. गेल्या जुलैत असेच अंगणात बसलो होतो. फरक सात अंश आला, म्हणजे तळ पावणेनऊशे मीटरवर. ढग पळत होते आणि त्यांतून सूर्याचा गोळा चांदीच्या रुपयासारखा दिसत होता. मी म्हणालो, गोळा दिसतो म्हणजे पातळ, काही पडायचं नाही. मग डकोटाची गोष्ट सांगितली, मीठ, चिठ्ठी, अकरा पावसाळे, आणि तो म्हातारा.

तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे आबा, त्यांचं बरोबर होतं?"

म्हटलं, "जुलैपुरतं."

तिनं ते पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीनं लिहून ठेवलं.