कुलवृत्तांतांतील ‘सुमारे’

कुलवृत्तांत लिहावयास बसलेल्या गृहस्थास खरी अडचण पडते ती नांवांची नव्हे, सालांची. पूर्वजाच्या मृत्यूची तिथि आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या जपलेली असते. कारण श्राद्धास मास, पक्ष व तिथि लागते, शक लागत नाहीं. यामुळें दिवस ठाऊक, पण वर्ष अज्ञात, अशी आपल्याकडील विलक्षण स्थिति आहे.

मग लेखक एका पिढीस पंचवीस-तीस वर्षें धरून शक बसवितो. तसें करण्यास हरकत नाहीं. परंतु ‘सुमारे’ हा शब्द व त्या अनुमानाचा आधार यांची त्या आंकड्यापासून कधींहि ताटातूट होतां कामा नये. एकानें अंदाजानें लिहिलेलें साल दुसरा निःशंकपणें उतरून घेतो, आणि तिसऱ्याच्या पुस्तकांत तें सिद्धान्त होऊन बसतें. सनदेंत नांव आढळलें, तर तो पुरुष त्या सालीं हयात होता एवढेंच ठरतें. तेथें ‘या सालापूर्वीं जन्म’ असें लिहिण्यांत कमीपणा नाहीं.

सालांच्या रूपांतरांतहि हीच सावधगिरी हवी. शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन निघतो, हा हिशेब जानेवारी लागेपर्यंतच खरा; तेथून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. तिथीचा मास ठाऊक नसेल, तर दोन्ही सन लिहावे. पेशवाईच्या कागदांतील सुहूर सन तर मृगाच्या सुमारास पालटतो. म्हणून त्याचें एक वर्ष दोन शकांत विभागलें जातें.

या विवेकाचें मोल शिवजन्माच्या वादावरून कळून येतें. वैशाख शुद्ध २, शके १५४९, म्हणजे सन १६२७, ही तिथि दीर्घकाळ रूढ होती. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं जेधे शकावली उजेडांत आणिली. तींत फाल्गुन वद्य ३, शके १५५१ अशी नोंद निघाली. हा फाल्गुन १६२९ त नव्हे, १६३० त पडतो. परमानंदाच्या ‘शिवभारता’नें तिला दुजोरा दिला, तरी महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारण्यास २००१ साल उजाडलें. दोन्ही पक्षांचे आधार पुढें मांडलेले होते, म्हणूनच त्यांची तुलना करितां आली.

छत्रपतींच्या जन्माविषयीं जर तीन वर्षांचें अंतर पडूं शकतें, तर आपल्या खापरपणज्याविषयीं आपण निश्चयानें बोलण्याची घाई कां करावी? मोकळी सोडलेली जागा पुढचा वंशज कदाचित् भरून काढील. खोट्या सालानें भरलेल्या जागेकडे तो पाहणारहि नाहीं.